बोका आणि खुराडं

खेड्यात दुधाचा पैसा डेअरीच्या पासबुकात जातो आणि तिथून घरच्या कर्त्या पुरुषाच्या हातात. कोंबड्यांचा पैसा मात्र बाईच्या कनवटीला राहतो. लेकराच्या वह्या, माहेरी जायचं एस.टी.चं भाडं, दुखण्याखुपण्याची गोळी, हे सगळं अंड्यांवर भागतं. म्हणून बोक्यानं पिलू नेलं की पुरुष ‘एकच तर गेलं’ म्हणून मोकळे होतात आणि बाईचं दिवसभर जेवणात लक्ष लागत नाही. तिनं २१ दिवस त्या खुडूक कोंबडीला जपलेलं असतं. आम्हा कवी मंडळींना मांजर म्हटलं की मखमल आठवते, तिला अंगणात पडलेली पिसं आठवतात.

पण आधी चोर बोकाच आहे का, हे पाहावं. एका रात्रीत चार-पाच कोंबड्या मारून तिथंच टाकलेल्या दिसल्या, तर ते बहुधा मुंगसाचं काम. भर दुपारी अंगणातून पिलू उचललं गेलं तर घार. बिळाच्या तोंडाशी पिसं सापडली तर घूस. बोका गुपचूप एक उचलतो आणि वाट पाठ झाली की दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला पुन्हा हजर! त्याची मदार पिलांवर आणि लहान तलंगांवर. भरल्या अंगाच्या कोंबडीच्या वाटेला तो सहसा जात नाही. तशी कोंबडी गेली, तर उसातलं रानमांजर आलेलं असू शकतं. लांब पाय, मातकट अंग, आखूड शेपटीच्या टोकाला काळी कडी. त्याला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. तिथं वनखात्याला कळवावं, काठी उचलू नये.

आमच्या गल्लीतल्या एका आक्कांच्या अकरा पिलांची आठ दिवसांत चार झाली. बोका त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. त्यांच्या पुतण्यानं बोंबलाला शेतातलं औषध लावून ठेवायचं ठरवलं. ‘चाचा, तुम्ही मधी पडू नका,’ असं मला बजावलंसुद्धा. मी पडलोच. माझी अम्मी सांगायची, एका बाईनं मांजर कोंडून उपाशी मारलं आणि त्यापायी ती दोजखात गेली, असं पैगंबरसाहेबांनी सांगितलंय. आक्कांच्या सासूबाई म्हणायच्या, हातून मांजर मेलं तर काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतं. ‘सोन्याचा भाव बघितलाय का?’ म्हणून पुतण्या हसला. पण विषाचा बोंबील बोकाच खाईल, याची हमी कोण देणार? दारचं कुत्रं खाईल, शेजारणीची कोंबडी टोचेल, रांगतं पोर तोंडात घालेल. शिवाय १९६०च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यानं हा गुन्हाच आहे. आणि एक बोका गेला की त्याच्या हद्दीत दुसरा येतो. पोत्यात घालून परगावच्या वेशीवर सोडायची रीतही आपल्याकडे आहे. त्यात आपलं दुखणं दुसऱ्या आक्काच्या दारात जातं, एवढंच.

मग आम्ही खुराडं पाहिलं. फळीचं दार, कडी नाही, विटेचा टेकू. बाजूला मोठ्या भोकांची जाळी. बोक्याचा पंजा त्यातून सहज आत जातो आणि जाळीला टेकून झोपलेलं पिलू ओढतो. आक्कांनी एक कोंबडा विकून अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी आणली. ती जमिनीखाली वीतभर गाडली, वर पत्रा टाकला, दाराला कडी-कोयंडा बसवला. मगरीबच्या अजानीआधी कोंबड्या आत, आणि सकाळी लख्ख उजाडल्यावरच बाहेर. पहिले दोन महिने पिलं दिवसाही डालग्याखाली, डालग्यावर दगड. बोका तीन रात्री पत्र्यावर बसून गेला.

नंतर पुतण्यानंच पिंजऱ्यात सुकट ठेवून त्याला धरला. पिंजऱ्यावर पोतं टाकलं, तसा तो शांत झाला. डॉक्टरांकडून त्याचं ऑपरेशन करून घेतलं. त्यानं भांडणं आणि भटकणं कमी होतं. शिकार काही सुटत नाही, म्हणून कडी लावावीच लागते. धरताना चावला-ओरबाडलं, तर जखम साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवून त्याच दिवशी रेबीजची लस घ्यावी.

हे बोके रानातून येत नाहीत, हेही बोललं पाहिजे. भाटी पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि दोन महिन्यांत विते. घरच्यांना पिलं नकोशी होतात, मटणाच्या दुकानामागं नेऊन सोडतात. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात ज्या पिलाला माणसाचा हात लागत नाही, ते पुढं माणसाला बिचकतंच. शिंकं तुटलं, बोक्याचं फावलं, असं आपण म्हणतो. आक्कांनी आता गल्लीतल्या तीन घरी जाऊन भाटीचं ऑपरेशन करा म्हणून सांगितलंय. एका घरानं ऐकलं.

उरलेल्या चार पिलांत तीन तलंगा निघाल्या. एक अंड्यावर आली आहे.