देवघरांतील टाक आणि संग्राहक

टाक म्हटला कीं एके काळीं शिकलेल्या घरांतून शाईंत बुडवून लिहावयाची लेखणी डोळ्यांपुढें येत असे. त्याच घरांच्या देव्हाऱ्यांत मात्र दुसरेही टाक मांडलेले असत, आणि अद्याप पुष्कळ ठिकाणीं ते आहेत. बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा यांच्या शेजारीं ठेवलेले, दोन-चार बोटें उंचीचे, चांदीच्या पातळ पत्र्यावर उठवलेले हे कुलदेवांचे आकार. एकावर घोड्यावर बसलेला खंडोबा असतो, दुसऱ्यावर महिषासुराचा वध करणारी भवानी, तिसऱ्यावर एका ओळींत उभ्या राहिलेल्या साती आसरा. आणि एखाद्यावर घराण्यांतला कोणी पूर्वज, ज्याचें नांव आज घरांतही कोणास सांगतां येत नाहीं व ज्याला सर्वजण नुसता ‘वीर’ म्हणतात. अलीकडे हे टाक देव्हाऱ्यांतून निघून दिवाणखान्याच्या भिंतीवर, कांचेच्या चौकटींत दिसूं लागले आहेत. पूजेची वस्तु संग्रहाची वस्तु होऊं लागली आहे. या स्थित्यंतरांत कांहीं वांचतें आणि कांहीं कायमचें जातें. तें काय, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

टाकांची चाल महाराष्ट्रांत सर्वत्र आहे. तथापि २०२४ सालीं ज्याचें नांव अहिल्यानगर असें झालें, त्या नगर जिल्ह्याशीं खंडोबाच्या टाकाचें नातें विशेष निकट आहे. खंडोबाची राणी म्हाळसा ही लोककथेप्रमाणें नेवाशाच्या तिम्मशेट वाण्याची कन्या. म्हणजे हा जिल्हा देवाची सासुरवाडीच म्हणावयाचा. पारनेर तालुक्यांत पिंपळगांव रोठा येथें कोरठण खंडोबाचें मोठें देवस्थान आहे. जामखेड तालुक्यांतील चौंडी हें अहिल्याबाईंचें जन्मगांव, आणि ज्या होळकरांच्या घरांत त्या सून म्हणून गेल्या त्यांचें कुलदैवत जेजुरीचा मल्हारी मार्तंड. मार्गशीर्षांत चंपाषष्ठीला तळी उचलतात तेव्हां ताम्हणांत सुपारी, खोबरें व भंडारा यांच्याबरोबर टाकही ठेवतात. धनगराच्या घरीं काय आणि ब्राह्मणाच्या घरीं काय, ताम्हणांतला घोडेस्वार एकच.

टाक घडवण्याची कृति दिसावयास साधी आहे. सोनाराजवळ देवदेवतांचे ओतीव धातूचे ठसे असतात. चांदीचा पत्रा तापवून मऊ करावयाचा, ठशावर बसवावयाचा, वर शिशाची वडी ठेवून हातोडीनें ठोकावयाचा. मग कडा कातरून डोळे, लगाम, तलवारीची मूठ असे बारकावे छिन्नीनें उघडावयाचे. एवढ्या लहानशा जागेंत देव, देवी, घोडा, कुत्रा, घोड्याच्या पायांखालचा दैत्य, वर चंद्र आणि सूर्य ही सारी मंडळी बसवावयाची असतात. त्यामुळें घोडा आंखूड होतो, देवाचें मस्तक घोड्याच्या मस्तकाएवढें होतें, आणि डोळे तर वाटाण्यासारखे बाहेर येतात. शिल्पशास्त्राच्या प्रमाणांत हें बसणार नाहीं. पण जागा थोडी असतां काय ठेवावें व काय गाळावें याची जाण ज्या हाताला आहे, त्या हाताला अडाणी म्हणतां येत नाहीं. पूजा करणाऱ्याच्या नजरेला देवाची नजर भिडली पाहिजे हें त्या कारागिराला पक्कें ठाऊक असतें. बाकीचें शरीर तो त्या नजरेच्या सोयीनें बेततो.

घडणावळ सोनाराच्या दुकानांत संपते, पण टाकाचें रूप त्यापुढेंही पालटत राहतें. सणावारीं घरांतली बाई देव घांसावयास बसते. चिंच, राख, रांगोळी यांच्या घासणीनें पत्र्याचा उठाव वर्षानुवर्षें झिजत जातो. प्रथम नाक जातें, मग डोळे, मग तलवारीचें टोंक. अखेरीस घोड्याची पाठ आणि स्वाराचा खांदा एवढाच उंचवटा बोटाला लागतो. बाहेरच्या माणसाला अशा टाकावर काय आहे हें ओळखतां येत नाहीं. घरच्या आजीबाईंना मात्र तें विचारावें लागत नाहीं; देव्हाऱ्यांत डावीकडून तिसरा तो भैरोबा, हा क्रम त्यांच्या सासूनें त्यांना शिकवलेला असतो.

असा झिजलेला टाक पुढें कोठें जातो? लग्नकार्याआधीं देव ‘उजळावयास’ सोनाराकडे देतात. टाक अगदींच गेलेला असला तर तो मोडीत घालून, त्या चांदींत भर टाकून नवा करून घेतात. भावाभावांच्या वांटण्या झाल्या म्हणजे वेगळ्या चुलीबरोबर वेगळा देव्हाराही मांडावा लागतो, आणि त्यासाठीं नवे टाक घडतात. भग्न मूर्ति पुजूं नये असा संकेत असल्यानें फुटका टाक नदीच्या डोहांत सोडतात. नेवासें तालुक्यांत टोक्याजवळ प्रवरा जेथें गोदावरीला मिळते, तेथील पाण्यानें घराघरांतील कितीतरी देव पोटांत घेतले असतील. थोडक्यांत सांगावयाचें तर मूस आणि पाणी या टाकाच्या दोन वाटा. परंपरेच्या दृष्टीनें टाक जुना व्हावयाचाच नसतो. देव तोच राहतो, पत्रा बदलतो. संग्राहक येतो तो या दोन्ही वाटा अडवून उभा राहतो, आणि जो पत्रा जावयाचा होता तोच ठेवून घेतो. त्याच्या कामांतली खरी अडचण येथें आहे. तो वांचवतो हें खरें. पण ज्यांच्याकडून घेतो त्यांच्या लेखीं जें महत्त्वाचें, तें त्याच्या हातीं लागतेंच असें नाहीं.

अशीच गोष्ट अमेरिकेंत वातकुक्कुटांची झाली. वातकुक्कुट म्हणजे प्रार्थनामंदिराच्या शिखरावर किंवा शेतावरच्या कोठाराच्या छपरावर बसवलेला, वाऱ्याची दिशा दाखवीत फिरणारा पत्र्याचा कोंबडा. कोंबड्याऐवजीं कोठें धांवता घोडा असे, कोठें मासा, कोठें गाय. नगरकरांना बॉस्टन हें नांव परकें नाहीं. १८३१ सालीं नगरांत ठाणें घालणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनच्या पाद्र्यांना ज्या मंडळानें पाठवलें त्याची मुख्य कचेरी बॉस्टनलाच होती. त्या शहरांतील फॅन्युएल हॉलच्या माथ्यावर शेम ड्राउन नांवाच्या तांबटानें १७४२ सालीं केलेला, सोन्याचा मुलामा दिलेला तांब्याचा नाकतोडा आहे. पुढें एकोणिसाव्या शतकांत अशा आकृतींचे कारखाने निघाले. तांब्याचा पत्रा लोखंडी सांच्यांत ठोकून आकृतीचीं दोन अर्धीं काढावयाचीं व तीं डाख देऊन जोडावयाचीं, ही त्यांची रीत नगरच्या सोनाराच्या ठशाहून फार दूरची नव्हे.

वाऱ्याची खबर हवामानखात्याकडून मिळूं लागली तशी छपरावरच्या घोड्याकडे पाहण्याची गरज सरली. १९३२ सालीं न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयानें सामान्य जनांच्या कलेचें प्रदर्शन भरवलें. त्यांत वातकुक्कुटांनाही स्थान होतें. काल जें कोठारावरचें लोखंड-तांबें होतें, तें आज शिल्प ठरलें. मग किंमत चढत गेली, ती इतकी कीं २००६ सालीं एका लिलावांत अमेरिकेच्या आदिवासी नायकाची आकृति असलेला तांब्याचा वातदर्शक अठ्ठावन्न लाख डॉलरांवर गेला. किंमतीमागोमाग चोर आलेच. बॉस्टनचा नाकतोडाही १९७४ सालीं नाहींसा झाला होता. सुदैवानें थोड्याच दिवसांत तो त्याच इमारतीच्या शिखरांत जुन्या निशाणांखालीं दडवलेला सांपडला, आणि पुन्हां आपल्या जागीं चढला. सर्वांचें नशीब असें नसतें. तांब्यावरच्या हिरव्या कळेला भाव आला म्हणून नव्या पत्र्यावर तेजाब ओतून ती कळा आणणारेही निघाले. जो घोडा कोणत्या गांवच्या कोणत्या छपरावरून उतरला हें कोणी लिहून ठेवलें नाहीं, तो अस्सल कीं नक्कल हें ठरवणें जाणत्यासही जड जातें.

वस्तूची जागा कळत नसली म्हणजे काय होतें, याचें उदाहरण शोधण्यास अमेरिकेपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. नगर जिल्ह्यांतच श्रीरामपूर तालुक्यांत प्रवरेच्या कांठीं दायमाबाद आहे. १९७४ सालीं तेथें झाडाचें मूळ खणून काढतांना धातूच्या चार वस्तु मिळाल्या: बैल जुंपलेला रथ व त्यांत उभा सारथी, हत्ती, गेंडा आणि रेडा. वजन सर्वांचें मिळून साठ किलोंच्या वर. भारतीय पुरातत्त्वांत इतका अपूर्व ठेवा क्वचितच हातीं येतो. पुढें पुरातत्त्व खात्यानें श्री. शां. अ. साळी यांच्या नेतृत्वाखालीं त्या जागेचें पद्धतशीर उत्खनन केलें. परंतु हा ठेवा त्या उत्खननांत, थरांच्या क्रमांत मिळालेला नव्हता. आधींच मातींतून सुटला होता. म्हणून तो चार हजार वर्षांपूर्वींच्या उत्तर हडप्पा काळांतला, असें डॉ. म. के. ढवळीकर यांच्यासारखे पंडित म्हणत असतांही, धातूच्या पृथक्करणावरून त्याला बराच अलीकडे आणणारे विद्वानही झाले. हत्ती तोच, रथ तोच; केवळ शेजारची माती हरवल्यानें हा वाद.

टाकाची शेजारची माती म्हणजे त्याचें घर. हा टाक कोणत्या गांवच्या कोणत्या आडनांवाच्या देव्हाऱ्यांतला, त्याला घरांत काय म्हणत, तो कोणत्या निमित्तानें केला, आणि घरांतून बाहेर कां पडला. हें माहीत नसलेला टाक म्हणजे अर्ध्या तोळ्याची चांदी व एक गोड चित्र. जुन्या बाजारांत मिळणाऱ्या टाकांची स्थिति बहुधा हीच असते. शिवाय एक फसगत तेथें नेहमींच संभवते. ठसा कठीण धातूचा. तो पिढ्यान्पिढ्या टिकतो. शंभर वर्षांच्या ठशावर कालचा पत्रा ठोकला, काळा केला, कीं शैली जुनी आणि टाक नवा. घेणारा घोड्याचें आंखूडपण पाहून भुलतो. पाहावयाची असते ती झीज: उंचवट्यावर गुळगुळीत व खोलगटांत तशीच टिकलेली. तेजाबाला हा भेद साधत नाहीं. तो सर्वत्र सारखाच खातो. आणि टाकाचा शोध घेतांना ठशांकडे दुर्लक्ष होतें हीही चूकच. सोनारांचीं मुलें दुसऱ्या धंद्यांत गेलीं म्हणजे ठसे भंगारांत वजनानें जातात, आणि एक ठसा वितळला कीं त्यापासून पुढें उठावयाचे सर्व देव एकदमच थांबतात.

कायद्याचीही एक बाजू आहे. १९७२ च्या पुरावस्तु व कलानिधि अधिनियमाप्रमाणें शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तु खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेतां येत नाहीं. पण तोळा-अर्धा तोळ्याच्या टाकाचें वय कोण तपासणार? तो खिशांत मावतो.

संग्रह कसा व्हावा याचे नमुने महाराष्ट्रांत आहेत. पुण्याचे डॉ. दिनकर गंगाधर केळकर, कवितेच्या प्रांतांतले ‘अज्ञातवासी’, यांनीं विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धांत अडकित्ते, दिवे, वज्र्या, फण्या अशा घरगुती वस्तु जमवावयास आरंभ केला, तेव्हां तें अनेकांना वेडच वाटलें असेल. बालपणींच गेलेल्या राजा या मुलाच्या नांवानें उभा केलेला तो सारा संग्रह १९७५ सालीं त्यांनीं महाराष्ट्र शासनास दिला. नगर शहरांतही १९६० पासून ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे. जिल्ह्यांतले टाक जिल्ह्यांतच राहावेत, ज्या घरानें दिला त्या घरच्या नातवाला एस. टी. नें येऊन पाहतां यावेत, हें अशा ठिकाणींच साधेल. मुंबईच्या दिवाणखान्यांत तें साधणार नाहीं.

देव विकत मागणें प्रशस्त नव्हे, आणि मागितला तरी बहुतेक घरें देणार नाहींत; न दिलेलेंच बरें. ज्या घरीं टाक अद्याप पुजला जातो तेथून तो हलवण्याचें कारणच नाहीं. वेळ साधावयाची ती टाक मोडीत निघतो तेव्हांची. नव्या टाकाची चांदी व घडणावळ संग्राहकानें द्यावी, सोनारानें जुना मुशींत न टाकतां त्याच्या हवालीं करावा, आणि त्याच बैठकींत घरांतल्या वडील बाईंना विचारून चार ओळी लिहून घ्याव्यात. देव्हाऱ्यांतला क्रम, घरगुती नांव, नैवेद्य कोणता, घांसावयास काय वापरीत, हें सर्व त्यांत यावें. ‘वीर’ कोण होता हें त्यांना ठाऊक असेल तर तें आधीं. आणि असा टाक एकदां कपाटांत आला म्हणजे त्याला पुन्हां चिंच लावूं नये. त्याच्यावर शेवटचा हात जिचा फिरला तिचा तो राहूं द्यावा. मऊ कापडांत गुंडाळून, चिठ्ठी त्याच घडींत ठेवावी, वेगळ्या वहींत नव्हे, कारण वह्या हरवतात.