जाईल का, आणि कधी?



पदवीदानाच्या दिवशी पाहुण्यानं यशाची सूत्रं सांगावीत असा रिवाज आहे. माझी नोकरी भट्टीपुढे गेली. धातूंमधलं मला थोडंफार कळतं, यशातलं फारसं नाही, म्हणून धातूंबद्दलच बोलतो. बी.ए., बी.कॉम.च्या मुलांनी लगेच मोबाईल काढू नयेत. समीकरण एकही मांडणार नाही, आणि निम्मी उदाहरणं खानदेशातलीच आहेत.

कल्हईवाल्यापासून सुरुवात करू. तुमच्यापैकी किती जणांनी तो पाहिला असेल कोण जाणे, पण मागे बसलेल्या आजीबाईंनी नक्की पाहिला आहे. जमिनीत वीतभर खड्डा, त्यात कोळसे, बाजूला भाता. पितळेचं पातेलं सांडशीत धरून निखाऱ्यावर फिरवायचं, चांगलं तापलं की आत नवसागराची चिमूट टाकायची. पांढरा धूर भसकन वर येतो, नाकाला झोंबतो, भोवती जमलेली पोरं मागे सरतात. मग कथलाची कांडी नुसती टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं ते कथील एका दमात सगळीकडे पसरायचं. काळवंडलेलं पातेलं डोळ्यांदेखत उजळतं. शेवटी पाण्यात बुडवलं की चर्र आवाज, आणि काम झालं.

त्या दोन मिनिटांत काय घडतं? नवसागर धातूवरचा ऑक्साइडचा मळ काढतो, कारण मळावर कथील धरत नाही. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणजे कोळशाच्या मानानं फारच लवकर. वितळलेलं कथील तांब्याच्या अणूंना भेटलं की दोघांना वेगळं राहण्यापेक्षा एकत्र राहणं ऊर्जेच्या हिशेबात स्वस्त पडतं. मग दोघांच्या सीमेवर तिसराच पदार्थ तयार होतो, सहा अणू तांब्याचे आणि पाच कथलाचे, अशा ठरलेल्या प्रमाणात. तो थर डोळ्यांना दिसणार नाही इतका पातळ असतो, पण तोच नसता तर कल्हई पापुद्र्यासारखी सुटून हातात आली असती. बसस्टँडजवळ मोबाईल दुरुस्त करणारा मुलगा तांब्याच्या पट्टीला डाग देतो, तेव्हा त्या डागाखालीही हाच पदार्थ तयार होत असतो. कल्हईवाल्याची विद्या गेली असं आपण म्हणतो. ती तुमच्या खिशात आहे.

इथे दोन प्रश्न आहेत आणि ते वेगवेगळे आहेत. पहिला, तांबं आणि कथील एकमेकांत जातील का? दुसरा, जातील तर कधी? पहिल्याचं उत्तर उष्मागतिकी देते. ती ऊर्जेचा आणि अव्यवस्थेचा ताळेबंद मांडते आणि उतार कुठल्या बाजूला आहे तेवढं सांगते. वेळेबद्दल ती एक अक्षर बोलत नाही. वेळेचं उत्तर विसरण देतं, म्हणजे अणूंचं एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाणं. उष्मागतिकीला विचाराल तर तुमच्या अंगठीतल्या हिऱ्याचं पेन्सिलीतलं ग्रॅफाइट व्हायला हवं. तिचं म्हणणं खरं आहे. तरीही जळगावच्या सराफ बाजारात कोणी घाबरून हिरे विकायला काढत नाही, कारण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मानवजातीच्या आयुष्यात बसत नाही.

सोन्याचा विषय निघालाच आहे, तर लंडनच्या टांकसाळीतला एक प्रयोग सांगतो. विल्यम रॉबर्ट्स-ऑस्टेन हा तिथला धातुतज्ज्ञ. त्यानं शिशाच्या कांडीच्या बुडाशी सोनं ठेवलं आणि शिसं वितळणार नाही अशा बेतानं ती कांडी महिनाभर गरम ठेवली. नंतर तिचे काप करून प्रत्येक कापात सोनं किती आहे ते तपासलं. सोनं घन शिशातून वर चढलं होतं. हे त्यानं १८९६ मध्ये प्रसिद्ध केलं. घन पदार्थात अणू हलतात याचा हा पहिला मोजून दिलेला पुरावा. पण मला त्याचा पुढचा प्रयोग जास्त आवडतो. तशीच जोडी त्यानं काहीही न तापवता, खोलीच्या तापमानाला, चार वर्षं तशीच ठेवली आणि १९०० मध्ये उघडून पाहिली. तिथंही सोनं थोडंसं आत शिरलेलं होतं. चार वर्षं काहीच घडत नाही असं वाटत असताना एखादी गोष्ट जपून ठेवायला कसला स्वभाव लागत असेल! गणितासाठी त्याच्या हाताशी आडोल्फ फिक या जर्मन शरीरशास्त्रज्ञानं १८५५ मध्ये मांडलेले नियम होते. फिक मुळात डॉक्टर. तेव्हा कोणत्या शाखेची पदवी मिळाली याची फार काळजी करू नका.

पण अणू घन धातूत हलतात तरी कसे? जिथं मुंगी शिरायला फट नाही तिथं वाट कुठली? बराच काळ समजूत अशी होती की शेजारचे दोन अणू एकमेकांशी जागा बदलतात. अर्नेस्ट कर्केंडॉल या अमेरिकी संशोधकानं पितळेची कांडी घेतली, तिच्यावर मॉलिब्डेनमच्या बारीक तारा ठेवल्या आणि वरून तांब्याचा मुलामा चढवला. तारा ही खूण. मॉलिब्डेनम दोघांतही मिसळत नाही. ७८५ अंशांना दिवसांमागून दिवस तापवल्यावर दोन बाजूंच्या तारा एकमेकींजवळ आल्या. याचा अर्थ पितळेतलं जस्त जितकं बाहेर गेलं तितकं तांबं आत आलं नाही. जागांची अदलाबदल असती तर तारा हलल्या नसत्या. रॉबर्ट मेल हे त्या काळचे या क्षेत्रातले मोठे नाव. त्यांचा यावर विश्वास बसेना, आणि शोधनिबंध कित्येक महिने अडकून राहिला. १९४७ मध्ये तो छापून आला. पुढे मेल यांच्याच प्रयोगशाळेत तपासणी झाली आणि तारा तिथंही सरकल्या. कर्केंडॉल तोवर संशोधन सोडून गेले होते. आज त्यांचं नाव धातुशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात आहे, पण मला त्या गोष्टीत गोडवा वाटत नाही. बरोबर असणं आणि वेळेवर बरोबर ठरणं, हेही दोन वेगळे प्रश्न.

खरी वाट निघाली ती रिकाम्या जागांतून. पिंपळनेरहून सकाळची साक्री गाडी भरली की आत कोणाला हलता येत नाही. एखादं सीट रिकामं झालं की मागचा तिथं सरकतो, त्याच्या जागी त्याच्या मागचा, आणि रिकामी जागा उलट दिशेनं मागे मागे जाते. धातूत तसंच आहे. वितळायच्या बेतात आलेल्या तांब्यातही दर काही हजार जागांमागे एखादीच रिकामी असते, आणि थंड तांब्यात तर शोधूनही सापडू नये इतकी दुर्मीळ. म्हणून उष्णता वाढवली की विसरणाचा वेग किंचित वाढत नाही, पटीपटीनं वाढतो. कार्बनचं मात्र वेगळं. तो इतका लहान की लोखंडाच्या अणूंमधल्या सांदीतून जातो, त्याला सीट लागत नाही.

लोखंडाची गोष्ट खानदेशातच सांगता येते. तापी आणि गोमाईच्या संगमावर प्रकाशे आहे. तिथं १९५५ मध्ये बी. के. थापर यांनी उत्खनन केलं. खालच्या थरांत तांब्याचा काळ, वरच्या थरांत लोखंड. हा क्रम असाच का? तांब्याचा ऑक्साइड ऑक्सिजन सहज सोडतो आणि तांबं १०८५ अंशांना वितळतं. कोळसा आणि भाता एवढ्यावर ते साधतं. लोखंड ऑक्सिजनला घट्ट धरून बसतं आणि वितळायला १५३८ अंश मागतं. जुन्या भट्ट्यांना ते शक्य नव्हतं. म्हणून ते न वितळताच मिळवलं जाई, स्पंजासारखा गोळा काढून ठोकून ठोकून मळी बाहेर काढत. निखाऱ्यात तो गोळा जास्त वेळ राहिला की कोळशातला कार्बन आत शिरे आणि लोखंडाचं पोलाद होई. किती शिरला, किती खोल शिरला, हे लोहार रंगावरून आणि घणाखालच्या आवाजावरून ओळखत.

आजचा लोहार ट्रकच्या जुन्या पाट्यातून विळा काढतो. लाल झालेला विळा पाण्यात बुडवला की कार्बनला बाहेर पडायला सवडच मिळत नाही. तो लोखंडाच्या जाळ्यात अडकून पडतो आणि जाळं ताणलं जातं. तो ताण म्हणजेच कडकपणा. पण असा विळा काचेसारखा तुटेल, म्हणून लोहार फक्त धारच बुडवतो आणि बाहेर काढून घासतो. पाठीत उरलेली उष्णता धारेकडे येऊ लागते आणि घासलेल्या भागावर रंग सरकताना दिसतात, आधी फिकट पिवळा, मग तांबूस, मग निळा. पिवळा रंग धारेला पोचला की तो पुन्हा पाण्यात. क्षणभर उशीर झाला तर पाणी उतरतं. ते रंग म्हणजे ऑक्साइडच्या थराची जाडी, आणि थर वाढतो तोही विसरणानंच. लोहारानं हे कुठल्या वर्गात ऐकलेलं नसतं. उष्मागतिकीच्या नजरेनं तो विळा अपुरं राहिलेलं काम आहे. त्यातल्या कार्बनला अजूनही बाहेर पडायचं आहे. नेमका तो अपुरेपणाच ऊस तोडतो. पूर्ण समतोलाला पोचलेला विळा मऊ असतो, त्यानं कोथिंबीर चिरावी.

आता ब्राह्मणवेलच्या पठारावर चला. तिथल्या पवनचक्क्या तुम्ही येता-जाता पाहता. त्यांची पाती मिनिटाला पंधरा-वीस फेरे घेतात, आणि ज्या चक्क्यांत गिअरबॉक्स असतो त्यांचं जनित्र मिनिटाला सुमारे दीड हजार. मधला सगळा भार गिअरच्या दातांवर येतो, वर्षानुवर्षं, वाऱ्याच्या लहरीनुसार. दात वरून कडक हवा, नाहीतर झिजेल. आतून चिवट हवा, नाहीतर मोडेल. म्हणून कमी कार्बनचं पोलाद घेऊन तयार दात ९२५ अंशांच्या आसपास कार्बनयुक्त वायूत ठेवतात. एवढ्या उष्णतेला लोखंडाच्या जाळ्याची रचना बदलते आणि ते कार्बन सामावून घेतं. या रचनेचं नाव ऑस्टेनाइट, त्याच टांकसाळीतल्या ऑस्टेनवरून. ठोकताळा असा: १ मिलिमीटर खोल थर हवा तर साधारण अडीच तास. २ मिलिमीटरला पाच तास लागतील असं नवा सुपरवायझर म्हणतो. लागतात दहा. ४ मिलिमीटरला चाळीस. दुप्पट खोलीला चौपट वेळ, कारण कार्बन जितका आत जातो तितका उतार सौम्य होत जातो.

हे इतकं लांबवून सांगायचं कारण तुम्हाला आजपासूनच रस्त्यात भेटेल. गावात कोणीतरी विचारेलच, "काय करी ऱ्हायना भाऊ?" तुम्ही भरतीची तयारी सांगाल, किंवा एम.एस्सी., किंवा नाशिकला अंबडमध्ये नोकरी. मग लोक दोन प्रश्नांची सरमिसळ करतील. पोरगा दोन वर्षांत लागला नाही की "याच्यानं होणार नाही" असा निकाल. हा निकाल वेळेबद्दलचा आहे, शक्यतेबद्दलचा नाही. उलटही तितकंच खरं, आणि ते कोणी सांगत नाही. उतारच नसेल तिथं दहा वर्षं भट्टी पेटती ठेवली तरी थर चढत नाही. मग भट्टीच बदलावी, आणि त्यात लाज कसली? क्लासच्या फलकावर ९० दिवसांत अमुक, ६० दिवसांत तमुक असं लिहिलेलं असतं. खोली किती ते मात्र फलकावर कधी लिहिलेलं मी पाहिलं नाही.

बी.एस्सी.वाल्यांपैकी कोणी उष्णोपचाराच्या कारखान्यात गेलंच, तर सुरुवातीला हातात एक कापलेला तुकडा मिळेल. तो बारीक एमरी कागदावर आरशासारखा घासायचा आणि नायट्रिक आम्ल घातलेल्या अल्कोहोलमध्ये काही सेकंद बुडवायचा. कडेची पट्टी काळसर दिसते, आतला भाग उजळ. सूक्ष्मदर्शकाखाली त्या काळ्या पट्टीची खोली मोजून वहीत लिहायची, सही करायची. समजा अडीच तासांनंतर ती १ मिलिमीटर भरली आणि गिऱ्हाइकाला दीड हवी आहे. भट्टी आणखी किती तास चालवायची? हे गणित मी आज कॉमर्सच्या मुलांना घालतो. जेवणाच्या पंगतीत मला उत्तर सांगा. आणि सव्वा तास असं कोणी म्हणालं तर त्याला पहिल्या पंगतीत बसवू नका.