उमेदवार ठरतो कुठे?



निवडणूक म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे मतदानाचा दिवस येतो. शाळेच्या व्हरांड्यातील रांग, बोटावरची शाई आणि संध्याकाळी पारावर चालणारी आकडेमोड. पण निवडणुकीचा अर्धा निकाल त्याच्या कितीतरी दिवस आधी लागून गेलेला असतो. यंत्रावर कोणकोणती नावे छापायची, हे ठरते त्या दिवशी. त्या दिवशी आपल्याला कोणी बोलावत नाही. आज मला बोलायचे आहे ते त्या दिवसाविषयी.

मी निगडीचा राहणारा. महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. माझा एक जुना विद्यार्थी चाकणच्या बाजूला एका कारखान्यात काम करतो आणि वीस वर्षे एका पक्षाचे काम इमानाने करीत आला आहे. पक्षाचे नाव घेत नाही. कोणत्याही पक्षात हे घडू शकले असते. मागे एका पालिका निवडणुकीत त्याने उमेदवारी मागितली. अर्ज भरला, अनामत भरली, आणि शेवटच्या दिवशी निवडणूक कार्यालयात पक्षाच्या पत्राची वाट पाहत बसला. मुदत संपायला पंधरा मिनिटे असताना पत्र आले. त्यावर नाव होते भलत्याचेच. आठ दिवसांपूर्वी पक्षात आलेल्या गृहस्थाचे. रात्री हा माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, नापास झालो असतो तर वाईट वाटलं नसतं हो. पण माझी परीक्षाच कुणी घेतली नाही."

खरे सांगतो, त्याला काय उत्तर द्यावे, मला सुचले नाही. ते शोधता शोधता जे हाती लागले, तेच आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम कायदा काय म्हणतो, ते पाहू. आपला लोकप्रतिनिधित्वाचा कायदा १९५१ चा. उमेदवाराची अनामत, सूचक, यांचे नियम त्यात आहेत. विधानसभेला मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार असेल तर एक सूचक पुरतो. अपक्षाला दहा लागतात. १९६८ च्या निवडणूक चिन्हांच्या आदेशात पक्षाच्या पत्राचा नियम आहे. यालाच आपल्याकडे 'एबी फॉर्म' म्हणतात. 'ए' म्हणजे उमेदवारांच्या पत्रांवर सही करण्याचा अधिकार पक्षाने कोणाला दिला आहे, ते कळवणारा कागद. 'बी' म्हणजे त्या अधिकारी माणसाने दिलेले उमेदवाराचे नाव. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत हे कागद पोचले पाहिजेत. सही शाईची हवी, रबरी शिक्क्याची चालत नाही. किती बारकाईने पाहिले आहे, बघा!

पण त्या सहीच्या मागे काय घडले? कोणाला विचारले? मते घेतली की नाही? याविषयी कायदा चकार शब्द काढत नाही. १९८९ पासून पक्षांची नोंदणी कायद्यात आली. नोंदणीच्या वेळी संविधानाशी आणि लोकशाहीशी निष्ठा लिहून द्यावी लागते. म्हणजे पक्षाने देशात लोकशाही मानायची. घरात मानायची की नाही, ते ज्याचे त्याने पाहावे!

कोणी म्हणेल, पक्षाचा उमेदवार पक्ष ठरवील, त्यात आपले काय गेले? गेले ते असे. १९८५ साली पक्षांतरबंदीचा कायदा झाला. पक्षाचा आदेश मोडून आमदाराने सभागृहात मत दिले, तर त्याची जागा जाऊ शकते. कायदा चांगल्या हेतूने झाला. पण त्यामुळे निवडून आलेला माणूस तिकीट देणाऱ्याला पुरता बांधला गेला. तुमच्या तालुक्याच्या पाण्यावर किंवा रस्त्यावर सभागृहात कोणी तोंड उघडायचे, हे अखेर तिकीट वाटणाराच ठरवतो.

आता आमच्या पट्ट्याचा अनुभव सांगतो. मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर पिंपरी, चिंचवड आणि भोसरी असे तीन मतदारसंघ झाले आणि २००९ साली त्यांची पहिली निवडणूक झाली. चिंचवडची जागा आघाडीच्या वाटपात काँग्रेसकडे गेली. राष्ट्रवादीचे लक्ष्मण जगताप अपक्ष उभे राहिले आणि निवडून आले. शेजारी भोसरीत राष्ट्रवादीने मंगला कदम यांना उमेदवारी दिली. त्याच पक्षाचे विलास लांडे अपक्ष उभे राहिले आणि तेही निवडून आले. पाच वर्षांनी, २०१४ साली, भोसरीत विलास लांडे हे पक्षाचे अधिकृत उमेदवार होते. त्या वेळी महेश लांडगे अपक्ष उभे राहिले आणि जिंकले. काल ज्याने बंड केले त्याला आज अधिकृत म्हणून हार खावी लागली!

पिंपरीचा प्रकार निराळा. २०१९ साली राष्ट्रवादीने प्रथम सुलक्षणा शिलवंत यांचे नाव जाहीर केले. मग ऐनवेळी ते बदलून अण्णा बनसोडे यांना पत्र दिले. बनसोडे निवडून आले. २०२४ साली तोच पक्ष दुभंगलेला होता आणि हे दोघे समोरासमोर उभे होते. चिंचवडला २०२३ साली पोटनिवडणूक झाली. महाविकास आघाडीची उमेदवारी नाना काटे यांना मिळाली, राहुल कलाटे अपक्ष राहिले. भाजपच्या अश्विनी जगताप सुमारे ३६ हजारांनी निवडून आल्या आणि कलाटे यांनी ४४ हजारांवर मते घेतली. ती सगळी मते एकाच पारड्यात पडली असती, असे मी म्हणत नाही. पण पक्षाच्या घरात मिटायला हवे होते ते भांडण मतदारांच्या दारात आले, एवढे खरे.

या माणसांत चांगले कोण, वाईट कोण, हा आजचा विषय नव्हे. कारणेही प्रत्येक वेळी निरनिराळी होती. पण एक गोष्ट सारखी दिसते. हरलेल्याला "अमुक नियमाने, इतक्या मतांनी तू मागे पडलास" असे कोणी दाखवू शकले नाही. म्हणून मग बंडखोरी हीच त्याची दाद मागण्याची जागा झाली. आणि ज्याच्याजवळ पैसा आहे, गोतावळा आहे, त्यालाच बंडखोरी परवडते. माझ्या विद्यार्थ्यासारख्याने काय करायचे? तो दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला कामावर गेला.

दुसऱ्या देशांनी यावर काय केले? जर्मनीने हिटलरचा काळ भोगला होता. १९४९ साली नवी घटना करताना त्यांनी लिहून ठेवले की पक्षाची अंतर्गत रचना लोकशाही तत्त्वांवर असली पाहिजे. तिथे मतदारसंघाचा उमेदवार त्या भागातील पक्षसभासद, किंवा त्यांनी निवडलेले प्रतिनिधी, गुप्त मतदानाने ठरवतात. त्या सभेचे इतिवृत्त अर्जासोबत जोडावे लागते. हे कागदापुरतेच आहे, असे समजू नका. हॅम्बुर्ग या बंदराच्या राज्यात १९९१ साली निवडणूक झाली. एका मोठ्या पक्षाने उमेदवार निवडताना सभासदांना खरा वाव दिला नाही, अशी तक्रार झाली. १९९३ साली तिथल्या घटना न्यायालयाने ती तक्रार मान्य केली आणि सबंध निवडणूकच रद्द ठरवली! राज्याने त्याच वर्षी पुन्हा मतदान घेतले.

अमेरिकेची वाट वेगळी. १९६८ साली डेमोक्रॅटिक पक्षाने शिकागोच्या अधिवेशनात ह्यूबर्ट हम्फ्री यांना अध्यक्षपदाची उमेदवारी दिली. त्यांनी एकही प्राथमिक निवडणूक लढवली नव्हती. बाहेर रस्त्यावर दंगल, आत आरडाओरडा. त्यानंतर पक्षानेच आयोग नेमला, नियम बदलले, आणि १९७२ पासून सामान्य सभासदाच्या मताला वजन आले. मात्र तिथे प्राथमिक निवडणुकीचा खर्चही डोंगराएवढा झाला, हेही सांगितले पाहिजे.

आपल्याकडे हा प्रयोग झालाच नाही, असे नाही. २०१४ च्या लोकसभेला काँग्रेसने देशात मोजक्या मतदारसंघांत आपल्या कार्यकर्त्यांचे मतदान घेऊन उमेदवार ठरवले. त्यात महाराष्ट्रातले वर्धा आणि लातूर होते. वर्ध्यात सागर मेघे आणि लातुरात दत्तात्रय बनसोडे निवडले गेले. पुढे दोघेही पडले. मग पक्षाने तो मार्ग सोडला. माझ्या मते हा निष्कर्ष घाईचा झाला. त्या वर्षी नेत्यांनी निवडलेले उमेदवारही ढिगाने पडले होते! पण एक शंका रास्त आहे. वर्ध्यात निवडले गेले ते तिथल्या विद्यमान खासदारांचे चिरंजीवच. सभासदांची यादीच ज्याच्या हातात, त्याच्याच हातात मतदानही जाते. नियम करताना ही वाट बुजवावी लागेल.

सरकारी पातळीवर विधी आयोगाने १९९९ साली आपल्या १७० व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाही कायद्याने बांधून द्यावी, असे सुचवले. तसा कायदा झालेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने मात्र एक फट उघडली आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यायालयाने सांगितले की, ज्याच्यावर फौजदारी खटले आहेत अशा माणसाला उमेदवारी दिली, तर त्यालाच का दिली आणि स्वच्छ माणूस का मिळाला नाही, हे पक्षाने जाहीर केले पाहिजे. आणि 'तो निवडून येईल' एवढे एकच कारण चालणार नाही. बिहारच्या निवडणुकीत हे नीट पाळले नाही, म्हणून २०२१ साली काही पक्षांना दंडही झाला.

या निकालातली मुख्य गोष्ट ध्यानात घ्या. उमेदवारीला कारण द्यावे लागते, हे तत्त्व त्यात मान्य झाले. मग ते फक्त खटले असलेल्यांपुरतेच का? सगळ्यांनाच का नको?

मला चार साध्या गोष्टी सुचतात. पहिली, प्रत्येक मतदारसंघातील पक्षसभासदांची यादी वर्षभर आधी प्रसिद्ध व्हावी आणि काल आलेल्याला मताचा हक्क नसावा. दुसरी, इच्छुकांची नावे सभासदांपुढे यावीत आणि गुप्त मतदान व्हावे. वरिष्ठांना तो कौल बदलायचा असेल तर बदलावा, पण कारण लेखी द्यावे. तिसरी, नाव अर्जाच्या मुदतीआधी आठ दिवस जाहीर व्हावे. शेवटच्या पंधरा मिनिटांत नव्हे. चौथी, ज्याला डावलले त्याचे म्हणणे ऐकून घेणारी तीन माणसांची समिती असावी. यासाठी दिल्लीच्या कायद्याची वाट पाहायला नको. कोणताही पक्ष आपल्या घटनेत हे उद्या लिहू शकतो.

हे आपल्या लोकांना जमेल का, असे कोणी विचारतो. तुकोबांची पालखी देहूहून निघाली की निगडीवरून आकुर्डीच्या मुक्कामाला जाते. माउलींची आळंदीहून निघते. माउलींच्या सोहळ्यात कोणती दिंडी रथाच्या पुढे, कोणती मागे, हे क्रमांकानुसार ठरलेले असते. एखाद्या दिंडीची तक्रार असेल, तर रात्री समाजआरतीच्या वेळी ती टाळ वाजवत राहते. चोपदार जवळ जाऊन तिचे गाऱ्हाणे ऐकतात, आणि मगच पुढचे होते. लाखांचा समुदाय, पण गाऱ्हाणे ऐकण्याची जागा ठरलेली. आपल्या मातीला नियम आणि दाद, दोन्ही ठाऊक आहेत.

खेड्यातल्या श्रोत्यांना मला एवढेच सांगायचे आहे. ग्रामपंचायतीला पक्षाचे चिन्ह नसते. पॅनेलची नावे देवळात बसून ठरतात. तिथे कोण बोलले, कोण गप्प राहिले, ते निदान गावाला दिसते. जिल्हा परिषदेला आणि विधानसभेला तेही दिसत नाही. तेव्हा पुढच्या वेळी उमेदवार दारात आला की रस्ता आणि पाणी विचाराच, पण त्याआधी एक प्रश्न विचारा : "तुम्हाला उमेदवारी कुणी दिली, आणि कोणत्या नियमाने?" तो गडबडेल. गडबडू द्या. दहा घरी हाच प्रश्न आला, तर तो वर जाऊन सांगेल.

आणि गुरुजींना विनंती. शाळेत वर्गप्रमुखाची निवडणूक आपण घेता. या वर्षी मतदानाआधी एक तास मुलांना द्या, आणि उभे कोणी राहायचे हे कसे ठरवावे, याचा नियम त्यांनाच करू द्या. भांडतील, पण नियम करतील. ज्याचे नाव मागे पडेल, त्याला निदान आपण का मागे पडलो ते कळलेले असेल.

माझ्या विद्यार्थ्याने अजून पक्ष सोडलेला नाही. परवा भेटला, तेव्हा म्हणाला, "सर, सभासदांची यादी मागितली आहे. लेखी." मिळाली का, विचारले. "नाही अजून. पण पोच घेतली आहे."