विषाचा उतारा वनस्पतीच्या पोटी

तापीकाठच्या बऱ्हाणपुराने पाण्याचे मोल फार पूर्वी ओळखले. सातपुड्याकडून झिरपणारे पाणी भुयारांतून शहरास पुरविणारा कुंडी भंडारा १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात बांधला गेला. याच परिसरातील नेपानगर येथे १९५५ मध्ये देशातील पहिल्या वृत्तपत्री कागदाच्या गिरणीचे उत्पादन सुरू झाले. सालईचे लाकूड व बांबू हा तिचा मूळचा कच्चा माल होता.

लाकडास ताठपणा येतो तो लिग्निन या द्रव्यामुळे. रासायनिक रीतीने लगदा करताना ते विरघळून पाण्यात उतरते आणि त्याची शकले फिनॉल वर्गातील असतात. असे सांडपाणी शुद्ध न करता नदीत सोडल्यास जलचरांस ते घातक ठरते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.००१ मिलिग्रॅमहून अधिक फिनॉल नसावे, असे भारतीय मानक सांगते. कारण क्लोरीनशी संयोग होताच त्याचा अल्प अंशही पाण्यास उग्र दर्प आणतो.

तथापि, निसर्गाने लिग्निन निर्माण केले, तसे ते मोडणारेही निर्माण केले आहेत. कुजक्या ओंडक्यावरील बुरशी सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु जिवंत झाडाच्या मुळांत, खोडांत व पानांत रोग न करता राहणाऱ्याही बुरश्या असतात. झाड स्वसंरक्षणार्थ फिनॉलयुक्त द्रव्ये तयार करते. त्याच्या घरी राहावयाचे तर ती पचविता आली पाहिजेत. हेच या अंतर्वासी बुरश्यांचे सामर्थ्य होय.

यांपैकी अनेक बुरश्या लॅकेज नावाचे ताम्रयुक्त एन्झाइम स्रवतात. १८८३ मध्ये योशिदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने ते प्रथम लाखवृक्षाच्या चिकात ओळखले. लॅकेज फिनॉलपासून इलेक्ट्रॉन काढून प्राणवायूस देते. त्यामुळे प्राणवायूचे पाणी बनते, तर फिनॉलचे रेणू परस्परांस जोडले जाऊन गाळाच्या रूपाने वेगळे काढता येतात. इतर एन्झाइमे फिनॉलचे वलय फोडतात व त्याचे तुकडे बुरशीचे अन्न होतात. चीनमधील संशोधकांनी एका वृक्षातून मिळविलेली फोमॉप्सिस ही बुरशी फिनॉलयुक्त आम्लांवर अशीच जगते.

मात्र प्रयोगशाळेतील चंबू म्हणजे नदी नव्हे. सांडपाण्याची आम्लता बदलत असते, जिवाणू स्पर्धा करतात, आणि फिनॉलचे प्रमाण फार वाढल्यास बुरशी स्वतःच मरते. म्हणून तिचे स्थान नदीपात्रात नसून गिरणीच्या आवारातील शुद्धीकरण-टाकीत आहे. तेथे तापमान, हवा व आम्लता राखता येते. एकदा प्रवाहात मिसळलेले विष शोधीत फिरणे कोणत्याही बुरशीस साधणारे नाही.