कर्त्याच्या हस्ताक्षराची साक्ष



एखाद्या समाजाची भूमी गेली, मंदिर गेले, माणसे देशोदेशी विखुरली, तरी तो समाज कशाच्या आधारावर टिकतो? या प्रश्नाचे उत्तर ज्यूंच्या इतिहासात आहे. इ.स. 70 मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. त्यानंतरच्या शतकानुशतकांच्या वनवासात ज्यूंनी ग्रंथ सांभाळले आणि ग्रंथांनी ज्यूंना सांभाळले. या ग्रंथांपैकी काहींवर खुद्द कर्त्याचे हस्ताक्षर आहे. ते हस्ताक्षर म्हणजे धर्मगुरूने वाचकाला दिलेला शब्दच होय.

ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात 'मिश्ने तोरा' या धर्मशास्त्रग्रंथाचे एक जुने हस्तलिखित आहे. त्याचा कर्ता मोशे बेन मायमोन, म्हणजेच मायमोनिडीस, 1204 मध्ये इजिप्तमध्ये निवर्तला. ही प्रत त्याच्या मूळ प्रतीशी ताडून शुद्ध केली आहे, असे त्याने स्वतः लिहून खाली नाव घातले आहे. मुद्रणकला अवतरण्यापूर्वी नकलाकाराच्या एका चुकीने आचाराचा नियम बदलू शकत असे. म्हणून ती एक ओळ अमोल ठरली.

याच मायमोनिडीसच्या हातचे मिश्नाभाष्याचे भाग डेव्हिड सॉलोमन ससून यांच्या संग्रहात होते. आज ते जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. हे ससून 1880 मध्ये मुंबईत जन्मले. ज्यांच्या नावाचे वाचनालय मुंबईच्या काळा घोडा परिसरात उभे आहे, त्या डेव्हिड ससून यांचे ते नातू. पिढीजात व्यापारी वैभव लाभलेल्या या गृहस्थाने हिब्रू हस्तलिखितांच्या शोधात आयुष्य वेचले आणि 1932 मध्ये त्यांची द्विखंडी सूची प्रसिद्ध केली.

मुद्रणाचे युग आले, तरी हस्ताक्षराचे महत्त्व ओसरले नाही. आजच्या बेलारूसमधील राडुन गावी रब्बी यिस्राएल मेईर कागन राहत. परनिंदा आणि चहाडी यांच्या निषेधार्थ त्यांनी 1873 मध्ये 'हाफेत्झ हाइम' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि पुढे लोक त्यांना त्या ग्रंथाच्याच नावाने ओळखू लागले. स्वतःचे ग्रंथ ते गावोगावी फिरून विकत. एखाद्या प्रतीत पान गळलेले वा उलटसुलट बांधलेले असेल आणि ती ग्राहकाच्या माथी गेली, तर ती फसवणूक होईल, अशी त्यांची धारणा होती. म्हणून पाने तपासली जात आणि प्रतीवर 'मुगाह', म्हणजे 'तपासलेले', असा शब्द हाताने लिहिला जाई. वाणीच्या शुद्धीचा उपदेश करणाऱ्याने व्यवहाराची शुद्धी अशी जपली. आज अशा प्रती जेरुसलेमच्या लिलावांत मोठ्या किमतीला जातात. पण त्या एका शब्दामागील सचोटीला किंमत लावता येत नाही.

रब्बी कागन 1933 मध्ये निवर्तले. 1942 मध्ये नाझींनी राडुनच्या ज्यूंची कत्तल केली. युरोपभर माणसे मारताना नाझींनी त्यांचे ग्रंथ लुटून नेले. ज्यूंना नष्ट करून त्यांच्या ग्रंथांचा 'अभ्यास' करण्याचा तो अघोरी बेत होता. युद्धानंतर 1946 मध्ये अमेरिकी सैन्याने जर्मनीतील ओफेनबाख येथे अशा ग्रंथांचे आगार उघडले. तीस लाखांहून अधिक ग्रंथ व वस्तू तेथून हाताळल्या गेल्या. कोणता ग्रंथ कुणाचा, हे ओळखायचे कसे? पहिल्या पानावरील नाव, ग्रंथालयाचा शिक्का, नावपट्टी हीच खूण होती. आगाराचे प्रमुख कॅप्टन आयझॅक बेन्कोविट्झ यांनी शिक्क्यांची छायाचित्रे काढवून घेतली आणि त्यांवरून ग्रंथांची वर्गवारी केली. असंख्य ग्रंथ स्वगृही परतले. मात्र सुमारे पाच लाख ग्रंथांचे वारस सापडले नाहीत. पानावर नाव होते, ते नाव धारण करणारा उरला नव्हता. ते ग्रंथ इस्रायल, अमेरिका आणि अन्य देशांतील ज्यू संस्थांना देण्यात आले.

या कहाणीला कोकण किनाऱ्याची एक प्रकाशरेषा आहे. येथील बेने इस्राएल समाजाजवळ दीर्घकाळ धर्मग्रंथ नव्हते. तरी शनिवारी घाणा बंद ठेवून त्यांनी धर्म राखला आणि 'शनिवार तेली' म्हणून ते आपल्यात सुखाने नांदले. त्यांच्या ग्रंथांना या भूमीत कुणी आग लावली नाही. 1874 मध्ये पुण्यात त्यांच्या वल्हांडणाच्या विधीचा ग्रंथ मराठी भाषांतरासह छापला गेला. या परंपरेचा अभिमान अवश्य बाळगावा. पण अभिमानाबरोबर कर्तव्यही येते.

आपल्या घरोघरी लाल फडक्यात बांधलेल्या पोथ्या आहेत. त्यांच्या शेवटच्या पानावर लिहिणाऱ्याचे नाव, शक, तिथी आणि गाव असते. ते पान शेवटचे कुणी, केव्हा वाचले? ज्यूंनी आगीतून पाने वाचवली. आपल्याला तर केवळ धूळ झटकायची आहे. तेवढे तरी आपल्या हातून घडावे.