बाटलीवर तारीख नव्हती

आजचा प्रश्न असा, की बीएस्सी, इंजिनिअरिंगच्या पोरांना खरंखुरं संशोधन करायचं असेल तर पाठीशी कोण असतं?

"सर असतात ना!" असतात की. पण लेक्चर, पेपर तपासणी, नॅकच्या फायली यातून आठवड्याला अर्धा तास मिळाला तरी खूप. मग उरतो माझ्यासारखा पीएचडीवाला.

गेल्या वर्षी माझ्याकडे तिसऱ्या वर्षाची तिघं होती. विषय साधाच, विहिरींच्या पाण्याचा कठीणपणा. ब्युरेटमधून ईडीटीए सोडायचं, लालसर रंग निळा झाला की थांबायचं. एकीच्या वहीत प्रत्येक विहिरीची तिन्ही रीडिंग तंतोतंत सारखी. मी म्हटलं, "मला नाही गं एवढं जमत." ती गप्प. मग हळूच, "दादा, प्रॅक्टिकलला सीबीआर असाच आणतो आम्ही. नाहीतर मार्क जातात."

सरांसमोर ती हे बोललीच नसती. म्हणून मधलं माणूस लागतं.

पुन्हा मोजायला बसलो, तर रंग नीट पलटेचना. दोन दिवस डोकं खाल्लं. शेवटी कळलं, बफर जुना. त्यातला अमोनिया उडून गेलेला, पीएच घसरलेला. बाटलीवर तारीख नव्हती. आणि बाटली कुणी भरली होती? मीच!

'आविष्कार'ची कॉलेज फेरी आठवड्यावर. सरांना सगळं सांगितलं, माझी चूक पण. सर एवढंच म्हणाले, "नव्याने मोजाल तेवढ्याच विहिरी दाखवा." दहापैकी चार झाल्या. पोस्टर अर्धं रिकामं दिसत होतं, खरं सांगतो. नंबर नाही आला.

आता पुण्याच्या सीओईपीचा 'स्वयम्' उपग्रह बघा. एक किलोहून हलका, विद्यार्थ्यांनी बनवलेला. काम 2008 मध्ये सुरू झालं आणि 22 जून 2016 ला तो श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी34 वरून उडाला. डिग्री चार वर्षांची, काम आठ वर्षांचं! म्हणजे सुरुवात करणारे केव्हाच पास होऊन गेलेले. मागच्या बॅचने नीट लिहून ठेवलं नसतं, तर पुढची बॅच काय करणार होती?

आमच्याकडे यंदा नवी तिघं आलीत, उरलेल्या सहा विहिरींसाठी. जाताना त्या मुलीने त्यांच्यासाठी एक वही ठेवलीये. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय: "दादाच्या बाटल्यांवर तारीख बघा."