कुंपणच शेत खाते तेव्हा



गेल्या महिन्यात शब्बाथची प्रार्थना आटोपल्यावर आपल्यातील एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन विचारले, "डॉक्टरसाहेब, हिला औषधाच्या चाचणीत सहभागी व्हा म्हणतात. म्हणजे हिच्यावर प्रयोगच ना?" त्यांच्या स्वरात भीती होती आणि ती रास्त होती. आज त्या प्रश्नाचेच उत्तर देतो.

रोगजंतूंपासून आपले रक्षण करणारी प्रतिकारशक्ती कधी कधी आपल्याच देहावर उलटते. कुंपणानेच शेत खावे, तसे. पूर्वी वेगेनर या नावाने ओळखला जाणारा रक्तवाहिन्यांचा विकार त्यांपैकीच एक. तो नाक, फुप्फुसे आणि मूत्रपिंडे पोखरतो. उपचाराविना रुग्ण सरासरी पाच महिने जगत असे. मेरीलँडमधील बेथेस्डा येथे, राष्ट्रीय आरोग्य संस्थेत, शेल्डन वुल्फ आणि अँथनी फाउची यांनी सायक्लोफॉस्फामाइड व प्रेड्निसोन ही औषधे एकत्र वापरली. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ८५ पैकी ७९ रुग्णांचा आजार पूर्णपणे शमला होता.

परंतु कुंपण छाटले की शेत उघडे पडते. या रुग्णांना गंभीर जंतुसंसर्ग होऊ लागले. काहींना वंध्यत्व आले, मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका वाढला. म्हणून शोध पुढे चालू राहिला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १९७ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली होती. एका गटास रिटुक्सिमॅब, दुसऱ्यास जुने औषध. कोणास काय मिळते, हे रुग्णासही ठाऊक नव्हते आणि डॉक्टरांसही. नवे औषध जुन्याच्या तोडीचे ठरले. आजार पुन्हा उसळलेल्या रुग्णांत तर सरस. पुढच्याच वर्षी त्यास सरकारी मान्यता मिळाली.

हे ज्ञान संसर्गाच्या रोगांतही कामी आले. २०२० साली कोविडच्या १,०३३ रुग्णांवरील चाचणीत रेमडेसिव्हिरच्या जोडीला बॅरिसिटिनिब हे संधिवाताचे औषध दिल्यावर रुग्ण काहीसे लवकर बरे झाले.

आता त्या भीतीविषयी. अलाबामातील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ पर्यंत उपदंश झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना अंधारात ठेवून, उपचार न देता, केवळ निरीक्षणाखाली ठेवले गेले. तो कलंक उघड झाल्यावर १९७४ मध्ये येथे संशोधनाचा कायदा झाला. आज रुग्णाची समजून-उमजून दिलेली संमती अनिवार्य आहे आणि ती कोणत्याही दिवशी, कारण न सांगता, मागे घेता येते.

म्हणून त्या गृहस्थांना मी सांगितले: सही करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. चाचणीत न गेल्यास कोणता उपचार मिळेल? दुसऱ्या गटाला काय दिले जाते? अपाय झाल्यास खर्च कोण सोसणार? उत्तरे पटली नाहीत, तर निःसंकोच नकार द्या.

आपल्या धर्मात जीव वाचवण्यासाठी शब्बाथही मोडता येतो. तर मग एक लहानसे कर्तव्य आपल्यालाही करता येईल: ताप-खोकला असताना प्रार्थनेला न येणे. शेजारच्या बाकावर बसलेल्या भगिनीचे कुंपण कदाचित औषधाने छाटलेले असेल, आणि ते आपल्याला दिसत नाही.